शोकवहीतली वीज

लोर्कन टूही प्रीपेड वीज विकायला सात नंबरच्या दाराशी आला, तेव्हा ज्याच्या नावावर विजेचं बिल यायचं तो कॉर्मक गेराटी बैठकीच्या खोलीत शवपेटीत निजला होता. दार उघडंच होतं. आयर्लंडातल्या आमच्या क्लूनबेग गावात मयताच्या घराचं दार दोन दिवस कोणी लोटत नाही, आणि आत शिरणाऱ्याला 'आपण कोण' असंही विचारत नाही. लोर्कनच्या अंगात काळा कोट होता, कारण धड असा तेवढा एकच कोट त्याच्याकडे होता. काखेत टॅब. वय पंचावन्न. फर्निचरचं दुकान बंद पडलं म्हणून तो ह्या धंद्यात आला होता, आणि शुक्रवारपर्यंत बारा घरं मिळाली नसती तर ह्याही धंद्यातून जाणार होता.

आतली मेणबत्ती पाहून त्यानं पाऊल मागे घेतलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो. पण मागून शेजारची आसुम्प्टा क्विर्क नवऱ्याला घेऊन आली आणि तिच्यामागून गावातल्या काठी-चेंडू खेळणाऱ्यांचा अख्खा हर्लिंग क्लब आला. रांगेत सापडलेल्या माणसाला मागे जाता येत नाही. पुढच्यानं कॉर्मकच्या बायकोचा, डिंपनाचा हात धरून "फार वाईट झालं हो" म्हटलं, म्हणून लोर्कननंही म्हटलं.

"तुम्ही ह्यांच्याबरोबर कामाला होतात का?" डिंपनानं विचारलं.

"नाही बाई, मी खरं तर विजेच्या—"

"विजेच्या खात्यातले! बघा, कुठून कुठून माणसं येतायत ह्यांच्यासाठी. चहा घ्या."

"नको, खरंच नको."

आमच्याकडे चहाला पहिला नकार रीत म्हणून द्यायचा असतो, दुसरा संकोच म्हणून, आणि तिसऱ्याची कोणी वाटच बघत नाही. दोन मिनिटांत लोर्कनच्या एका हातात कप आणि दुसऱ्या हातात हॅमचं सँडविच होतं. टॅब काखेतच होता, आणि तोच नेमका फिंटनच्या नजरेला पडला.

फिंटन हा कॉर्मक-डिंपनाचा एकुलता एक मुलगा. डब्लिनला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याचं कामच ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करायचं. 'अनोळखी माणसाला नाव-पत्ता देऊ नका, न वाचता सही करू नका' असली पत्रकं तो लिहितो. आमच्या पोस्टात त्याचं एक पत्रक लावलेलं आहे, त्याच्या फोटोसकट. ह्या फिंटननं शवपेटीवाल्याला बजावलं होतं, की भेटायला येणाऱ्यांच्या सह्यांसाठी कागदाची शोकवही ठेवणं ही मागासलेली पद्धत आहे, टॅब घेऊन माणूस पाठव. शवपेटीवाल्यानं मान डोलावली आणि विसरून गेला. डब्लिनच्या लोकांचं म्हणणं आम्ही असंच ऐकून घेतो.

"आलात? किती उशीर केलात," फिंटन म्हणाला.

"मी? साहेब, मी विजेसंबंधी आलो होतो—"

"प्लग सोफ्यामागे आहे. लोकांचं नाव, पत्ता, फोन आणि सही, एवढंच लागतं ना?"

"एवढंच. बँकेचा तपशील नको, अनामत रक्कम नको, हेच तर आमच्या योजनेचं—"

"छान, छान. थांबा, आधी मी करतो, म्हणजे ह्या मंडळींना कळेल कसं करायचं ते."

आणि फिंटननं आईच्या घराचा पत्ता, स्वतःचं नाव, स्वतःचा फोन घालून सही केली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण हा पडला कर्तबगार. दाराशी उभा राहून त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला धरलं. "इथे सही करा. आठवण राहील." शोक करायला आलेला माणूस मयताच्या मुलाला नाही म्हणत नसतो. एकोणीस घरांनी सह्या केल्या. मीही केली, खोटं कशाला सांगू? मी तर खाली 'देवमाणूस गेला' असंही लिहिलं. ते 'मीटरविषयी शेरा' ह्या रकान्यात गेलं, हे मला पुढे कळलं.

लोर्कननं खरं सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कोणीतरी त्याच्या कपात चहा ओतला. चौथ्यांदा त्यानं प्रयत्न केला नाही. नवव्या-दहाव्या सहीनंतर माणसाची जीभ जड होते, त्यात शुक्रवार जवळ आलेला. निघताना तो शवपेटीपाशी गुडघे टेकून बसला आणि त्यानं एक प्रार्थना म्हटली. ती मात्र मनापासून असावी. कॉर्मकनं त्याची नोकरी वाचवली होती.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. सगळे हॉटेलात सूप पीत असताना फिंटनचा फोन वाजला. तो खिडकीपाशी जाऊन "हो, हो, बरोबर, चालेल, हो, ठीक, ठीक, बाय बाय बाय" असं दोन मिनिटं बोलला आणि परत येऊन सूप प्यायला. त्या दुपारी आम्हा सगळ्यांनाच असे फोन आले. आम्हीही "हो, हो, ठीक" म्हटलं. फोनवरच्या माणसाला मध्येच तोडून 'हे कशाबद्दल?' म्हणून विचारणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात.

डब्लिनला परतण्याआधी फिंटननं आईला स्वयंपाकघरात बसवलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक फॉर्म काढला. डब्लिनजवळ एक चांगला वृद्धाश्रम होता. बाग होती. दर गुरुवारी एक बाई येऊन पियानो वाजवायची.

"मला पियानो आवडत नाही," डिंपना म्हणाली.

"आई, प्रश्न पियानोचा नाही. तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस. एकटी कशी राहणार?"

"चौऱ्याहत्तर म्हणजे मेले नाही मी. मेले ते तुझे बाबा."

"बिलं, दुरुस्त्या, दाराशी येणारे लोक... सगळं बाबाच बघायचे. तुला काय कळतंय त्यातलं?"

 घर म्हणजे तिच्या लेखी काय होतं ते मी सांगू शकतो, भिंतीपलीकडे नसलो तरी समोर राहतो. एकोणपन्नास वर्षं ती त्या घरात होती. ओट्यावरची प्रत्येक बरणी डोळे मिटून हाताला लागायची. कॉर्मकशी तिचं कुठल्याच बाबतीत पटलं नाही, पण भांडण रोज त्याच घरात, त्याच टेबलाशी झालं होतं. भांडणाचा मुख्य विषय गीझर. कॉर्मकला चालू गीझरची भीती वाटायची, जशी इतरांना सैतानाची वाटते. गावाबाहेर पाच मैल गेलेली गाडी त्यानं 'गीझर बंद केलास का?' म्हणून कितीदा परत आणली होती. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तो काहीतरी पुटपुटला. फादर टीअर्ननना वाटलं प्रार्थना म्हणतोय. डिंपनाला नीट ऐकू आलं होतं. "बंद केलाय," तिनं सांगितलं, आणि मग तो गेला.

"हे बघ," फिंटन म्हणाला, "बाबांना महिना झाला की चर्चमध्ये महिन्याची मिस्सा आहे ना, त्याला चाळीस माणसं घरी चहाला येतील. ते तू एकटीनं निभावून दाखव. जमलं, तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही जमलं, तर त्याच दिवशी ह्यावर सही करायची."

"कर बाबा तसं," डिंपना म्हणाली. फॉर्म परत फिंटनच्या खिशात गेला.

त्यानंतर आठवड्यानं पोस्टमननं एकोणीस घरांत एकोणीस डबे टाकले. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, त्याला शिल्लक पैशांचा आकडा दाखवणारा छोटा पडदा, आणि सोबत पत्र. आमची निवड केल्याबद्दल अभिनंदन. आता बिलाची कटकट नाही. दुकानात जा, रिचार्ज करा, वीज वापरा. करार एक वर्षाचा. चौदा दिवसांत रद्द करता येईल. पहिले तीस दिवस वीज कापणार नाही. नंतर मात्र रिचार्ज नसेल तर कामाच्या दिवशी सकाळी बरोबर अकरा वाजता वीज दुरूनच बंद. कंपनी सभ्य होती, रात्रीबेरात्री आणि रविवारी कोणाची वीज कापत नव्हती. तिचं नाव मी घेत नाही. घेतलं तर फोन करतील आणि मी पुन्हा 'हो, हो' म्हणेन.

आता कोणी म्हणेल, चौदा दिवस हातात होते, मग झोपला होतात काय? झोपलो नव्हतो. लपलो होतो. क्लूनबेगमध्ये पाप करून भागतं, फादरला सांगून मोकळं होता येतं. पण विजेचा प्रीपेड डबा इथे त्याच घरात बसतो ज्या घराला बिल भरता आलेलं नसतं, आणि ते कोणाला सांगणार? प्रत्येक नवऱ्याला वाटलं, बायकोनं बिल थकवून पैसे उडवले. प्रत्येक बायकोला वाटलं, नवऱ्यानं घोड्यांवर लावले. आसुम्प्टाच्या घरी चार दिवस अबोला होता. डबा जिन्याखाली कोटांच्या मागे गेला. माझा कपड्यांच्या कपाटात, मोज्यांखाली. रस्त्यात भेटलो की आम्ही हवेबद्दल बोलायचो, आणि विजेचा विषय निघाला की घाईघाईनं पुन्हा हवेकडे वळायचो. अशा रीतीनं चौदा दिवस अब्रूनं पार पडले.

एकटी आसुम्प्टा व्यवहारी निघाली. ती डोक्याला रुमाल बांधून वीस मैलांवरच्या टलमोरला जायची आणि तिथे चोरून रिचार्ज करून यायची. निदान तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं.

डिंपनाकडेही डबा आला होता, पण त्यावर नाव होतं श्री. फिंटन गेराटी. दुसऱ्याचं टपाल ती उघडणारी बाई नव्हती, मग तो पोटचा मुलगा का असेना. तिनं पार्सल हॉलमधल्या टेबलावर ठेवलं आणि रविवारी फिंटनचा फोन आल्यावर सांगितलंही. फिंटनचा फोन दर रविवारी मिस्सेनंतर यायचा आणि तीन मिनिटांत संपायचा.

"तुझ्या नावाचं एक खोकं आलंय रे."

"असू दे, आई. आलो की बघतो. ठीक आहेस ना? ठीक. बाय, बाय, बाय."

इकडे फिंटनच्या फोनवर संदेश येत होते. 'आपली शिल्लक संपत आली आहे. वीज बंद होऊ नये म्हणून ताबडतोब रिचार्ज करा.' फिंटन ते वाचून हसायचा आणि पुसून टाकायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी आलेला संदेश मात्र त्यानं पुसला नाही. बँकेतल्या नव्या लोकांपुढे त्याचं भाषण होतं, त्यात त्यानं तो पडद्यावर दाखवला. "हा फसवणुकीचा उत्तम नमुना," तो म्हणाला. "भीती घालायची आणि घाई करायला लावायची. मुरलेल्या माणसाला वास येतो ह्याचा."

महिन्याची मिस्सा मंगळवारी दहा वाजता होती. डिंपना पहाटे पाचपासून उठली होती. दोन हॅम, सहा ॲपल टार्ट, चार सोडा ब्रेड, आणि स्कोन मुद्दाम गरम द्यायचे म्हणून शेवटची थाळी ओव्हनमध्ये. चर्चच्या हॉलमधला चहाचा मोठा बॉयलर तिनं स्वतः ढकलगाडीवर घालून आणला होता. मी मदतीला गेलो तर तिनं हाकलून दिलं. "माझी परीक्षा आहे. कॉपी करताना पकडलं जायचं नाही मला."

पावणेअकराला आम्ही चाळीस जण बैठकीच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. फादर टीअर्नन कॉर्मकच्या खुर्चीत. फिंटन दाराशी उभा, हात मागे बांधून, परीक्षकासारखा. सगळं झकास चाललं होतं. कपबश्या मांडून तयार होत्या, बॉयलर गुणगुणायला लागला होता.

अकराला स्वयंपाकघरात कट्ट असा आवाज झाला. बॉयलरचा लाल दिवा गेला. ओव्हनचा गेला. फ्रीज एक उसासा टाकून गप्प झाला.

डिंपनानं फ्यूज पाहिला. फ्यूज धड होता. पदराला हात पुसावा तसा तिनं ॲप्रनला हात पुसला आणि बैठकीत येऊन हसऱ्या तोंडानं म्हणाली, "बॉयलरनं दगा दिला बघा. कोणी घरी जाऊन किटलीभर पाणी उकळून आणेल का?"

किटली उसनी घेणं म्हणजे काही मदत नव्हे. आम्ही उठलो. पाच मिनिटांनी एकेक जण परतला, हातात थंडगार किटली.

"आमच्याकडेही गेलीय."

"आमच्याकडेही. फ्यूज असेल."

"आमच्याकडचाही फ्यूजच असेल."

रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानाची पाटी लखलखत होती. इतक्या घरांचे फ्यूज एकाच मिनिटाला कसे गेले, हे कोणीही कोणाला विचारलं नाही. प्रत्येकाच्या नजरेपुढे आपापला जिना आणि त्याखालचे कोट होते. शेवटी आसुम्प्टा आली, किटली छातीशी धरून. "आमच्याकडेसुद्धा नाही गं, डिंपना," ती म्हणाली. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे तिचं धुण्याचं मशीन गरगरायला लागलं. फादर टीअर्ननच्या मागची तसबीर हलत होती. आम्ही सगळे तसबिरीकडे बघत राहिलो. आसुम्प्टा जमिनीकडे बघत राहिली.

क्लूनबेगमध्ये चाळीस माणसं बिनचहाची बसली, असं आजवर झालेलं नव्हतं. फादरनी घड्याळ पाहिलं. फिंटन स्वयंपाकघरात गेला. दार उघडं असल्यानं आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि दार लोटावं असं त्याच्याही मनात नव्हतं.

"बिल भरलं होतंस, आई?"

"ह्या महिन्यात बिलच आलं नाही."

"बिल आलं नाही, आणि तुला त्यात काही वावगं वाटलं नाही?"

"मला वाटलं, माणूस गेला म्हणून महिनाभर थांबले असतील."

कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, पण राहू दे. डिंपनाची मान खाली गेली. फिंटननं जुन्या वीजकंपनीला फोन लावला. तिकडून कळलं, हे घर महिन्यापूर्वीच आमच्याकडून गेलं, अमक्या प्रीपेड कंपनीकडे. फिंटननं फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून, पत्रक वाचावं तसा बोलायला लागला.

"मी हे रोज बघतो. एकटी, वयस्कर बाई. दाराशी गोड बोलणारा माणूस. सही करून मोकळी. आई, कोणाला सही दिलीस?"

"मी कोणालाच दिली नाही रे."

"आठवत नसेल. तेच तर म्हणतोय मी."

डिंपना टेबलाशी बसली.  एवढ्या माणसांत तिच्या बाजूनं एकही जण बोलला नाही, आणि त्यात मीही होतो, ह्याची मला आजही लाज वाटते. फिंटननं फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. तिनं पेन उचललं.

"थांब," फिंटन म्हणाला. त्याला पुराव्याशिवाय सही नको होती, बँकेचा माणूस. "आधी तुझ्या कानांनी ऐक, म्हणजे नंतर मी जबरदस्ती केली असं नको." त्यानं प्रीपेड कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन बैठकीच्या दाराशी धरला.

"सात नंबर, सेंट कोल्मन्स पार्क, क्लूनबेग," त्यानं सांगितलं. "तुमच्या माणसानं एका म्हाताऱ्या बाईला फसवलंय. खात्री करून घेण्यासाठी तुम्ही फोन करता ना? त्याचं रेकॉर्डिंग मला ऐकायचंय. आत्ता. इथे चाळीस साक्षीदार आहेत."

"रेकॉर्डिंग फक्त खातेदारालाच ऐकवता येतं, सर," पलीकडची बाई म्हणाली. "आपलं नाव?"

"फिंटन गेराटी. मुलगा."

"जन्मतारीख?"

त्यानं सांगितली.

"धन्यवाद, मिस्टर गेराटी. खातं आपल्याच नावावर आहे. आपण आम्हाला अठरा ग्राहकही जोडून दिलेत, त्याबद्दल आभारी आहोत. रेकॉर्डिंग लावते."

"एक मिनिट," फिंटन म्हणाला. पण रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. आधी हॉटेलातल्या चमच्यांचा आवाज आला, मग फिंटनचा. 'हो, हो. बरोबर. चालेल.' एक वर्षाचा करार मान्य आहे का? 'हो, ठीक.' अटी समजल्या का? 'हो, हो.' घरात आणखी कोणाची संमती घ्यायची आहे का? इथे रेकॉर्डिंगमधला फिंटन जरा थांबला, सूप गिळलं असावं. 'नाही, नाही. आईला विचारू नका. तिला आता कशातलं काही कळत नाही. जे काय ते मलाच विचारत जा. ठीक? ठीक. बाय, बाय, बाय.'

भिंतीपलीकडे धुण्याचं मशीन थांबलं. फिंटनची मान लालबुंद झाली होती. स्पीकर बंद करायचं बटण त्याला सापडत नव्हतं.

डिंपनानं पेनाला टोपण लावलं. ती मुलाकडे वळली. मला वाटलं आता रडेल.

"फिंटन," ती म्हणाली, "तू तिकडे डब्लिनला एकटाच राहतोस ना रे? निभतं का तुझं?"

मग तिनं बैठकीकडे तोंड केलं. "आसुम्प्टा, मशीन थांबलं बघ तुझं. कपडे वाळत घाल, आणि जाताजाता किटली लाव. मोठी."

साडेबारापर्यंत चाळीस जणांना चहा मिळाला. स्कोन अर्धे कच्चे होते, तरी आम्ही संपवले. आणि चहाबरोबर जिभा सुटल्या. "आम्हालाही डबा आलाय." "आमचाही जिन्याखाली आहे." एकोणीस घरं एकदम कर्जबाजारी नसल्याचं कळल्यावर लोकांना जो आनंद झाला, तेवढा मी कुठल्या लग्नातही पाहिला नव्हता. आनंद ओसरल्यावर मात्र चौदा दिवस उलटल्याचं ध्यानात आलं, आणि मग दोष द्यायला कोणीतरी हवं झालं. तो डिंपनाला मिळाला. सह्या शेवटी तिच्या घरी झाल्या होत्या. फिंटनला कोणी काही बोललं नाही, तो बँकेतला. फादर आमच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. लोर्कनला त्या महिन्याचा उत्तम विक्रेता म्हणून कंपनीनं विजेची किटली बक्षीस दिली, असं ऐकतो.

फिंटननं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. "आई, मुद्दा तो नव्हता," एवढंच म्हणाला. माफी मागितली नाही. करार मोडायला दंड होता, म्हणून खातं वर्षभर त्याच्याच नावावर राहणार. शिल्लक संपत आली की संदेश त्याच्याच फोनवर जातो, आणि आता तो पुसत नाही. पुसला तर अकरा वाजता आई बिनविजेची बसेल, आणि साडेअकराला ते साऱ्या गावाला कळेल.

आम्ही बाकीचे डब्यावरचा आकडा बघून जगतो. डिंपनाचा डबा उघड्यावर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. तो बघताबघता तिला एका गोष्टीचा शोध लागला. दिवे, टीव्ही, ओव्हन यांनी आकडा हळूहळू उतरतो. गीझर लावला की घसरत जातो, आणि पाच युरोंखाली गेला की दहा मिनिटांत डब्लिनहून फोन येतो.

एकोणपन्नास वर्षांत गरम पाण्यानं टब भरून डिंपना कधी नाहली नव्हती. आता आठवड्यातून तीनदा नाहते. फोन टबाच्या कडेला साबणाशेजारी ठेवते, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून वाट बघते. रविवारच्या तीन मिनिटांपेक्षा हे बरं, असं ती मला म्हणाली. शिल्लक किती उरली की लेकाला आई आठवते, हे तिला आता पक्कं माहीत झालंय.

फोन वाजतो.

"आई! कालच भरले होते मी! काय काय चालू आहे घरात?"

"काही नाही रे. तू जेवलास का?"

"ते राहू दे. आई, गीझर बंद केलास का?"

आवाज थेट बापाचा. डिंपना डोळे मिटते.

"बघते हं," ती म्हणते, आणि पाण्यातून हलत नाही. "पुन्हा एकदा विचार बरं."